फोंड्यात जुने फोटो स्कॅन करून घेतले: ७२ एमबीचा एक फोटो आणि त्यातली नथ

सुरुवातीलाच सांगते, दुकानाचं नाव देणार नाही. माणूस वाईट नाही, चूक झाली ती त्याने निस्तरली पण, आणि फोंड्यासारख्या गावात नाव घेतलं की दुसऱ्या दिवशी भाजी आणायला गेल्यावर विषय निघतोच. बाजारात जुना फोटो स्टुडिओ आहे, आता लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो, मगवर फोटो छापणे असलं सगळं करतो, त्यातच "जुने फोटो स्कॅन करून मिळतील" असा बोर्ड लावलाय, तिथला हा अनुभव. पाचातले साडेतीन स्टार. दीड स्टार कशाला कापला ते खाली येईलच, पण त्यातला अर्धा माझाच कापायला पाहिजे, कारण काय मागायचं हे मला तरी कुठे माहीत होतं.

झालं असं की जुलैत आमच्या प्रियोळच्या घरी कपाट उघडलं आणि अल्बमांना बुरशी. गोव्यातल्या पावसाळ्यात चामड्याच्या चपला हिरव्या होतात तिथे फोटो काय टिकणार. चार अल्बम, त्यातले दोन ते चिकट पानांचे प्लॅस्टिकवाले, ज्यातून फोटो काढायला गेलं की अर्धा पानाला राहतो. आणि एक काळ्या पानांचा, कोपऱ्यात कागदी कॉर्नर लावलेला, मध्ये बटर पेपर, तो आजोबांचा. आजोबा देवळाच्या जत्रेतल्या नाटकांत काम करायचे, आणि सुरुवातीची काही वर्षं बाईची भूमिका करायचे. नऊवारी, अंबाडा, नथ, सगळं. तो एक फोटो घरात सगळ्यांना पाठ आहे, पोस्टकार्डापेक्षा जरा लहान, साडेतीन बाय पाच इंच, मागे शाईने १९६४ लिहिलेलं. त्याच्या एका कोपऱ्यात बुरशीचे ठिपके यायला लागलेले बघितले आणि म्हटलं आता बास, चवथीच्या आधी हे सगळं स्कॅन व्हायलाच पाहिजे.

मोजले तर १८६ फोटो भरले. घेऊन गेले. रेट कार्ड काउंटरवरच्या काचेखाली: ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ८ रुपये, ६०० डीपीआय १५ रुपये, १२०० डीपीआय ३० रुपये, एका फोटोचे. मी विचारलं, भाई, कुठलं करू. तर म्हणाला, "बाय, चड डीपीआय म्हळ्यार चड क्लिअर." म्हणजे जास्त डीपीआय तर जास्त क्लिअर. आता एवढं स्वच्छ सांगितल्यावर आणि आजोबांचे फोटो म्हटल्यावर कोण ३०० करणार? मी म्हटलं १२००च करा, आणि जेपेग नको टिफ द्या (दोन्ही फोटोच्या फाइलचे प्रकार), कारण कुठेतरी वाचलेलं की टिफ चांगलं. १८६ गुणिले ३०, म्हणजे ५५८० झाले असते, त्याने राउंड करून ५००० घेतले. आठ दिवसांनी पेनड्राइव्ह घेऊन जा म्हणाला. बारा दिवस लागले, मध्ये दोन दिवस लाइट नव्हती, ते सोडून देते.

घरी येऊन पेनड्राइव्ह लावला. विंडोजमध्ये सगळं मिळून साडेतेरा जीबी. १८६ फोटोंचे! माझ्या फोनमध्ये तीन वर्षांचे फोटो एवढे नसतील. आजोबांचा तो एक फोटो ७२ एमबी. पहिल्यांदा मला बरंच वाटलं, खरं सांगते, म्हटलं पैसे वसूल, केवढा डेटा आहे. मग पुण्याच्या आतेबहिणीला पाठवायला गेले. व्हॉट्सअ‍ॅपला फोटो म्हणून टिफ घेईचना, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तो त्यांच्याकडे उघडेना. आत्याच्या फोनवर नुसता पांढरा कागद दिसतोय म्हणाली. गुगल ड्राइव्हवर टाकायला गेले तर जागा नाही, कारण फुकटातले १५ जीबी ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज तिघांत मिळून असतात आणि माझ्या मेलनेच त्यातले सहा खाल्लेले. म्हणजे पाच हजार देऊन माझ्याकडे एक पेनड्राइव्ह होता जो फक्त माझ्याच लॅपटॉपवर बघता येतो, तोही प्रत्येक फोटो उघडताना पंखा जोरात फिरवत.

तेव्हा मी बसून हिशेब केला, जो खरं म्हणजे दुकानात उभं राहूनच करायला पाहिजे होता, तोंडी होण्यासारखा आहे. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके वाचले. साडेतीन इंच गुणिले १२०० म्हणजे ४२०० ठिपके, पाच इंच गुणिले १२०० म्हणजे ६०००. दोन्ही गुणले की २ कोटी ५२ लाख पिक्सेल. रंगीत फोटोत एका पिक्सेलला तीन बाइट लागतात, लाल, हिरवा, निळा एकेक. म्हणजे ७ कोटी ५६ लाख बाइट. विंडोज १०२४ ने भागतं म्हणून तो आकडा ७२ एमबी दिसतो. (ह्याच कारणाने १२८ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला तरी कॉम्प्युटरवर ११९च दिसतात, दुकानदाराने फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका, मी एकदा गेलेली आहे.) साधं टिफ म्हणजे हे सगळे बाइट जसेच्या तसे, एकही न दाबता. फोटोत काय आहे ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही, कोरा पांढरा कागद स्कॅन केला असता तरी ७२च आले असते.

आणि गंमत इथेच आहे. ६०० वर केलं असतं तर मला वाटायचं निम्मी फाइल होईल. नाही होत. लांबीत पण अर्धे ठिपके आणि रुंदीत पण अर्धे, म्हणजे २१०० बाय ३०००, म्हणजे चौथा हिस्सा, १८ एमबी. ३०० वर आणखी चौथा हिस्सा, साडेचार. डीपीआय दुप्पट केला की फाइल चौपट. त्याच्या रेट कार्डावर पैसे दुप्पट होतात आणि फाइल चौपट होते, म्हणजे एमबीच्या भावाने बघितलं तर १२०० सगळ्यात स्वस्त, आणि माझ्यासारखी गिऱ्हाइकं एमबीच्याच भावाने बघतात.

हा हिशेब करता करताच मला त्याची चूक सापडली, नाहीतर कधी कळली नसती. अल्बमात १६ फोटो मोठे होते, सहा बाय आठ इंचाचे, लग्नातले ग्रुप फोटो, एक शाळेचा, एक नाटक मंडळींचा सगळा संच. फोल्डरमध्ये साइजप्रमाणे लावून बघितलं तर छोटे फोटो ७२ एमबी, चार बाय सहावाले ९९ एमबी, आणि हे सगळ्यात मोठे फोटो फक्त १२ एमबी! मोठ्या फोटोची फाइल लहान कशी? प्रॉपर्टीजमध्ये गेले, तिथे ऐटीत १२०० डीपीआय लिहिलेलं. पण वर डायमेन्शन बघितलं तर १८०० बाय २४००. सहा इंचाला १८०० ठिपके म्हणजे इंचाला ३०० झाले की नाही? १२०० असते तर ७२०० बाय ९६०० पाहिजे होते आणि फाइल २०० एमबीच्या घरात गेली असती.

म्हणजे ३०० वर स्कॅन करून नंतर सॉफ्टवेअरमध्ये नुसता डीपीआयचा आकडा १२०० करून ठेवलेला. हे करता येतं, एका सेकंदाचं काम आहे, कारण फाइलमधला तो डीपीआय म्हणजे नुसतं लेबल आहे, प्रिंटरला सांगायला की बाबा एका इंचात किती ठिपके बसव. लेबल बदलल्याने एकही पिक्सेल वाढत नाही की कमी होत नाही, फाइलचा साइज आहे तिथेच राहतो. कोणी तुम्हाला "३०० डीपीआयचा फोटो द्या" म्हटलं तर त्याला विचारा किती इंचाला, नाहीतर त्या वाक्याला अर्थच नाही. बघायचे ते पिक्सेल, किती बाय किती.

दुसऱ्या दिवशी गेले. खरं तर भांडायच्या तयारीने गेलेले, पण भाईने फाइल उघडून बघितली आणि काउंटरमागच्या पोराकडे नुसतं बघितलं. पोराने पण लगेच कबूल केलं, मोठा फोटो १२०० वर घेतला की मशीन एकेकाला कितीतरी मिनिटं घेतं आणि मधेच कॉम्प्युटर हँग होतो, गिऱ्हाइकं थांबलेली असतात, म्हणून ३०० वर काढले. आकडा का बदललास विचारलं तर गप्प. भाई म्हणाला सोळाच्या सोळा आत्ता करून देतो, बसा. एक स्टार इथे कापला, आणि न भांडता करून दिलं म्हणून अर्धा परत दिला.

बसलेच होते तर मी म्हटलं भाई एक काम करा, हा आजोबांचा फोटो माझ्यासमोर तिन्ही आकड्यांवर काढा. त्यालाही कुतूहल असावं, कारण त्याने चहा मागवला आणि स्वतः मशीनवर बसला. काच पुसली, फोटो लावला, तीनदा स्कॅन केलं आणि तिन्ही फाइली स्क्रीनवर शेजारी शेजारी लावून चेहऱ्यावर झूम केलं. कंबरेपासून वरचा फोटो आहे, त्यात नथ मुगाच्या डाळीएवढी. ३०० वर नथ आहे हे कळतं, मोती आहेत हेही कळतं, पण मोती कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते नाही, पांढरा पुंजका. ६०० वर मोती वेगळे झाले. खालच्या ओळीत चार, वर एक मोठा खडा, आणि नथीची तार नाकाच्या मागून वळलेली सुद्धा दिसली, जी आम्ही पन्नास वेळा फोटो हातात घेऊन कधी बघितली नव्हती. आता १२००. मी श्वास रोखून. तेच चार मोती. तोच खडा. तीच तार, फक्त सगळं दुप्पट मोठं आणि कडा पसरलेल्या, आणि मध्ये मध्ये कागदाचा रवा दिसायला लागला, आणि एक धाग्यासारखं काहीतरी, जे बोटाने झटकल्यावर काचेवरून उडालं. ७२ एमबीतला कितीतरी भाग म्हणजे त्या कागदाचा पोत आणि धूळ होती.

त्याचं कारण पण साधं आहे. १९६४ मध्ये निगेटिव्हवरून कागदावर फोटो छापला तेव्हाच कागदावर जेवढा तपशील उतरला तेवढा उतरला. स्कॅनर त्याच्या पलीकडचं आणणार कुठून? विहिरीला जेवढं पाणी तेवढंच, बादली मोठी नेली म्हणून वाढत नाही. कागदी प्रिंटसाठी घरात ठेवायला ३०० चालतं, मोठी प्रिंट काढायची इच्छा असेल तर ६००, त्याच्यावर जायला कारण पाहिजे. अगदी बोटाच्या पेराएवढा फोटो असेल, जुन्या ओळखपत्रावरचा वगैरे, तर १२०० घ्या, तिथे आकारच लहान म्हणून फाइल पण आवाक्यात राहते. भाई स्क्रीनकडे बघत म्हणाला, इतकी वर्षं कोणी असं विचारलंच नाही, लोक जास्त एमबी असले की खूश होतात. मला लागलं ते, कारण मीच ती लोक.

ते सोळा मोठे फोटो मग मी ६०० वरच करून घेतले, ३६०० बाय ४८००, ४९ एमबी एकेक. नाटक मंडळींच्या संचात मागच्या रांगेत पेटीवाला कोण ह्यावर घरात अजून वाद आहे, पण त्याचा चेहरा आता निदान दिसतो.

अजून एक गोष्ट त्याच वेळी कळली ती सांगते. आजोबांचा अल्बम सगळा काळापांढरा, पण स्कॅन केलेला रंगीत मोडमध्ये. ग्रे मोडमध्ये एका पिक्सेलला एकच बाइट लागतो, म्हणजे फाइल तिसरा हिस्सा, ७२ ची २४. मी म्हटलं मग ग्रेमध्ये का नाही केलं. ह्या बाबतीत मात्र भाईचं म्हणणं मला पटलं: जुना काळापांढरा फोटो खरं तर काळापांढरा नसतो, पिवळसर तपकिरी झालेला असतो, आणि बुरशीचे डाग वेगळ्या रंगाचे असतात, ते रंगीत स्कॅनमध्येच नीट वेगळे काढता येतात. एकदा ग्रे केलं की डाग आणि पदराची सावली एकच. म्हणून डागवाले रंगीत, स्वच्छ असतील ते ग्रे. हे त्याला अनुभवाने माहीत होतं, बोर्डावर मात्र लिहिलेलं नव्हतं.

आता टिफचं काय केलं. डागवाले वीस-पंचवीस फोटो ६०० वर टिफ ठेवले, कारण त्यांच्यावर अजून काम करायचंय. आणि सगळ्यांचेच ६०० वर आणून जेपेग केले, क्वालिटी वरच्या टोकाला ठेवून. सगळ्या १८६ फोटोंचे जेपेग मिळून ६४० एमबी. साडेतेरा जीबीवरून ६४० एमबी! आणि लॅपटॉपवर शेजारी लावून आईला विचारलं ह्यातला चांगला कुठला, तर तिने जेपेगकडे बोट दाखवलं, अर्थात अंदाजाने.

जेपेग एवढं दाबतं कसं ते मला आमच्या माटोळीने (चवथीला गणपतीच्या वर फळंपानं बांधतात ती) समजावलं. चवथीला भावाने नवीन फोनवर फोटो काढले, त्याच्या फोनमध्ये ५० मेगापिक्सेलचा (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल) मोड आहे, तो चालू करून ठेवलेला. नेहमीच्या साध्या मोडमध्ये तो फोन शेजारचे चार चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. एकाच जागेवर उभं राहून त्याने माटोळीचा फोटो काढला, कांगलां, माटुळ्यो, चिबूड, सुपारीचे घड, मावळिंगं, आंब्याचे टाळे, नुसती गर्दी, तो साध्या मोडमध्ये ६ एमबीच्या वर. आणि मान खाली करून समोरच्या चुन्याच्या भिंतीचा काढला तो दोन एमबीच्या आत. पिक्सेल दोन्हीत सारखेच! जेपेग फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करतं आणि प्रत्येक चौकोनात किती बदल आहे तेवढंच लिहून ठेवतं. भिंतीच्या चौकोनात लिहिण्यासारखं काहीच नाही, माटोळीच्या चौकोनात पान, देठ, सावली, दोरा, सगळंच. अंधारात काढलेला दाणेदार फोटो पण असाच फुगतो, कारण जेपेग त्या दाण्यांनाच तपशील समजतं. म्हणून कोणी विचारलं की १२ मेगापिक्सेलचा फोटो किती एमबीचा, तर दोन ते सात काहीही. मेगापिक्सेल म्हणजे भांडं केवढं, एमबी म्हणजे त्यात काय शिजलंय आणि किती आटवलंय ते.

५० वाल्या मोडमध्ये तीच माटोळी १९ एमबी. फरक होता का? दिवसाउजेडी अंगणात होता थोडा, आत समईच्या उजेडात उलट साधा मोडच चांगला, कारण चार पिक्सेलांचा उजेड एकत्र येतो. दहा दिवसांत भावाचा फोन भरला आणि विसर्जनाचा व्हिडिओ मधेच बंद पडला, ते वेगळं पुराण.

आता प्रिंटबद्दल, कारण दुकानाचे साडेतीन स्टार खरं तर ह्याच्यावर आहेत. आजोबांचा तो फोटो मोठा करून घेतला, १२ बाय १८च्या कागदावर, मॅट, २५० रुपये. ६०० च्या स्कॅनमध्ये रुंदीला २१०० पिक्सेल, १२ इंचात पसरले म्हणजे इंचाला १७५. पुस्तकी नियम ३०० चा आहे, पण तो हातात धरून बघायच्या प्रिंटचा, चार बाय सहाची प्रिंट असेल तर १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या जरा वर, बास. भिंतीवर लावून चार-पाच फुटांवरून बघायचं असेल तर १७५ भरपूर झाले. भाईने बुरशीचे ठिपके हाताने काढले, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, चेहऱ्याला हात लावला नाही, गोरा केला नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण हल्ली स्टुडिओवाले मेलेल्या माणसाला पण फेअर करतात.

आणि त्याच वेळी पुण्याला आतेबहिणीने सरप्राइज म्हणून तोच फोटो तिकडे मोठा करून आणला, सेम साइज. तिच्याकडे होता तो मी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला जेपेग. व्हॉट्सअ‍ॅप साधा फोटो पाठवताना त्याला आधी लहान करतं, तिच्याकडे पोचलेला बघितला तर लांब बाजू १६०० पिक्सेल, फाइल दोनशे केबीच्या आसपास. १८ इंचाच्या कागदावर म्हणजे इंचाला नव्वदच्या घरात, वर दाबून दाबून गालावर चौकोन उठलेले. चवथीला दोन्ही प्रिंटा ओटीवर शेजारी शेजारी ठेवल्या. तिच्यात नथ म्हणजे नाकावर बसलेली माशी. बिचारीने फ्रेमला हजार रुपये दिलेले. आता फोटो पाठवायचा असेल तर मी डॉक्युमेंट म्हणून पाठवते, आहे तसा जातो, घाई असेल तर निदान एचडीचं बटण दाबून.

आजीने आमची प्रिंट चष्मा लावून जवळून बघितली. आम्हाला वाटलं आता डोळे भरून येणार. तर म्हणाली, "नथ चापाची हो ती, नाक टोचलेलं कुठे होतं, नाटकात दोनदा पडली." मग ती तार नाकाच्या मागून का वळलेली दिसते त्याचा उलगडा झाला.

साठवणीचं शेवटी असं केलं: जेपेगचा ६४० एमबीचा फोल्डर ड्राइव्हवर आरामात बसला, सगळ्या भावंडांना लिंक दिली. गुगल फोटोजमध्ये टाकताना एक बघा, १ जून २०२१ पासून तिथले "स्टोरेज सेव्हर" वाले फोटोही त्या १५ जीबीतच मोजले जातात, आणि त्या मोडमध्ये १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो १६ वर आणतात. म्हणजे माझे १२०० वाले २५ मेगापिक्सेलचे फोटो तिथे गेले असते तरी कापूनच बसले असते. ६०० वाले छोटे फोटो सहा-सव्वासहा मेगापिक्सेल, त्यांना त्या नियमाने धक्का लागत नाही. टिफ वेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत, तिची एक कॉपी पुण्याला, कारण पेनड्राइव्हवर भरवसा ठेवून बसणारी मी नाही आणि आमच्याकडे दमट हवेत काय कधी बंद पडेल सांगता येत नाही. मूळ अल्बम फेकलेला नाही, कोरडा करून, बटर पेपर नवीन घालून स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवलाय.

तक्रारी अजून दोन. काळ्या अल्बमातले सहा-सात कॉर्नर फाडून आणले, परत चिकटवायचे कष्टही घेतले नाहीत, आणि फाइलींना नावं स्कॅन००१, स्कॅन००२ अशी, कुठला फोटो कुठल्या अल्बमातला हे मला परत लावत बसावं लागलं, दोन रविवार गेले. नेताना फोटोंच्या मागे पेन्सिलने हलका नंबर घाला आणि त्याच नंबराने सेव्ह करायला सांगा, दुप्पट काम वाचेल. पार्किंग नाही. दुपारी एक ते साडेतीन बंद, आपल्याकडे हे सांगायला नको पण बाहेरून येणाऱ्यांसाठी लिहिते.

परत जाईन का? जाणार आहेच. कारण माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात निगेटिव्ह सापडल्यात, बाबांच्या कॅमेऱ्याच्या, ३५ एमएमच्या, शंभर तरी. इकडे मात्र गणित उलटं आहे, निगेटिव्ह ३६ बाय २४ मिलिमीटरची, दीड इंच सुद्धा नाही, ३०० वर काढली तर सव्वाचारशे बाय दोनशे ऐंशीच्या आसपास पिक्सेल मिळतील, म्हणजे काहीच नाही. इथे २४०० पाहिजेच, तेव्हा कुठे ३४०० बाय २२००च्या वर जातं, आणि तपशील पण निगेटिव्हमध्ये प्रिंटपेक्षा जास्त असतो. डबा घेऊन गेले, म्हटलं भाई, २४०० वर करा. भाई मशीनकडे बघून म्हणाला, "बाय, ह्यात ४८०० पण आहे." मग माझा चेहरा बघून स्वतःच हसला आणि पोराला म्हणाला, आधी एक चोवीसशेवर काढ, एक अठ्ठेचाळीसवर काढ, आणि चहा सांग.